पापण्या अंथरणारी माणसं

मुरूड, ४ नोव्हेंबर २०२४

ती. गोदाताईस मार्तंडाचा सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून कागद काढला. आपल्या मैथिलीने लखनौकडचा अजेय श्रीवास्तव पसंत केलाय. शनिवारी, सोळा तारखेला, मला त्यांच्या मुंबईच्या घरी बोलावलंय. मुलाचे वडील लिहितात, ते माझ्या वाटेवर ‘पलकें बिछाए’ बसलेत. म्हणजे काय गं? न पाहिलेल्या माणसाशी इतकं गोड कोण बोलतं? आपल्या नारळाच्या वाडीवर डोळा असणार! शिवाय माझ्या गुडघ्याची चौकशी. त्यांना गुडघा कोणी सांगितला? काही खटकलं तर मी सरळ नकार देणार, मग लेक रडली तरी चालेल.

लोभ ठेव, रागावू नकोस.

मार्तंड

म्हसळा, ९ नोव्हेंबर

चि. मार्तंडास अ. उ. आ.

जन्मभर शाळेत हिंदी शिकवलं, म्हणून सांगते. पाहुण्याच्या पायाला खडा टोचू नये म्हणून वाटेवर स्वतःच्या पापण्या अंथरायच्या. डोळ्यात कुसळ गेलं तर आपण घर डोक्यावर घेतो, आणि हे तिथे पाऊल ठेवा म्हणतात. तुला पटणार नाही. तू व्याह्यांनाही ‘आलात का’ एवढंच म्हणशील. गुडघा मैथिलीनेच सांगितला असेल. पोरीचा जीव जडलाय रे, उगाच मोडता घालू नकोस.

माया आहेच, म्हणून बोलते.

गोदाताई

मुरूड, १८ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न.

बेसावध गाठावं म्हणून मी चौदालाच मांडव्याहून बोट धरली. त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. जिन्याच्या प्रत्येक वळणावर एक खुर्ची, एकीसारखी दुसरी नाही. मला त्यातही काळंबेरं दिसलं. तरी दुसरीवर टेकलोच. तेवढ्यात गुडघ्याला पंचा आवळलेले एक म्हातारे गृहस्थ लंगडत वर आले आणि फार अदबीने त्यांनी मला उठवलं. म्हणाले, खुर्ची शनिवारच्या पाहुण्यांची आहे, त्यांचा गुडघा दुखतो. पाय न वाकवता कुठे दम लागतो, ते स्वतः चढून बघत होते.

ताई, मला नाव सांगायची लाज वाटली. तसाच परतलो.

शनिवारी पुन्हा गेलो. मुलाचे वडील म्हणजे तेच गृहस्थ. त्यांनी मला ओळखलं, पण त्या दिवसाबद्दल चकार शब्द काढला नाही. मी सगळ्या खुर्च्यांवर बसलो, गरज नव्हती तिथेही. होकार दिला.

रविवारी ते आपल्याकडे येताहेत. त्यांच्यासारखं वाक्य लिहायला बसलो, जमेना. मग फाटकापासून ओटीपर्यंतच्या पाखाडीचं शेवाळ घासून काढलं, एकेक पायरी. बुधाजी गड्यालाही हात लावू दिला नाही. गुडघा ठणकतोय. मैथिलीला मात्र कळवू नकोस, ती लगेच तिकडे सांगेल.

तुझा,
मार्तंड