पंधरावा महिना

२ फेब्रुवारी २०२६

धर्मानानांची बोट मत्स्यखात्याच्या कार्यालयाने अडकवून बांधून ठेवली! भर हंगामात! नोटीस म्हणते, गेल्या वर्षी १ जुलैला, बंदीच्या काळात, मासेमारी केली. पुरावा काय, तर आमच्याच मच्छीमार सोसायटीच्या बर्फ कारखान्यातली नोंद. त्या दिवशी त्यांच्या बोटीवर बर्फ चढला. बर्फ घेतला म्हणजे बोट दर्यात गेली — झालं, संपलं!

ती फाइल कॉम्प्युटरमधून काढून कार्यालयाला पाठवली मीच. सगळ्या बोटींची, वर्षभराची मागितली होती. बटण दाबलं, दिली.

पण धर्मानाना, आणि बंदीत? सरकारी बंदी जुलैअखेर उठते, बाकीच्या बोटी लगेच सुटतात. हा माणूस नारळी पुनवेला नारळ सोडल्याशिवाय सुकाणूला हात लावत नाही. गावाचा नारळ त्यांच्याच हातून दर्याला जातो. १ जुलैला त्यांची बोट वाळूवर ताडपत्रीखाली होती, अख्ख्या थळ गावाने पाहिलीय. पण सांगायचं कोणाला?

३ फेब्रुवारी

ठमीकाकी, नानांची बायको, सोसायटीच्या दारात उभी राहिली. आत आलीच नाही. "प्राप्ती, तुझ्या मशिनीनं आमची अब्रू काढली गो."

४ फेब्रुवारी

आज फाइल नीट उघडून बघितली आणि डोकंच फिरलं. एका बोटीच्या बर्फाची तारीख ०१/१५. पंधरावा महिना! कुठल्या पंचांगात असतो हा? खाली ०३/२८. अठ्ठाविसावासुद्धा आहे! आणि पैशांपुढे डॉलरचं चिन्ह. थळच्या बर्फाला डॉलर!

ज्या कंपनीने हे सॉफ्टवेअर बसवून दिलं, तिच्या रितेशला वाशीला फोन लावला. म्हणतो कसा, "मॅडम, फाइल बाहेर काढताना सेटिंग अमेरिकाच असतं. तिकडे आधी महिना, मग दिवस." मग बसवतानाच का नाही बदललं? "किसीने बोला नहीं ना, मॅडम." कोणी बोललं नाही! आम्ही थळला राहतो, अमेरिकेत नाही, हेही याला बोलून दाखवायचं?

म्हणजे नानांचा ०१/०७ हा १ जुलै नाहीच. ७ जानेवारी! अहो, जानेवारीत बोट जाणार नाही तर कधी जाणार!

५ फेब्रुवारी

कार्यालयात जाऊन भांडले. साहेब म्हणाले, "फाइल तुमची, तारीख तुमची." म्हटलं, मग हा पंधरावा महिना कोणाचा? "त्या ओळी चुकीच्या वाटल्या, म्हणून सोडून दिल्या."

सोडून दिल्या! चूक ढळढळीत दिसते ते सोडायचं, आणि माणूस अडकतो ते तेवढं धरायचं! आवाज चढला माझा. बाहेरचा शिपाईही आत डोकावला. शेवटी म्हणाले, मंगळवारपर्यंत दुरुस्त फाइल द्या, सगळ्या बोटी नव्याने तपासू. म्हटलं, तपासा! एकूण एक तपासा!

६ फेब्रुवारी

घरात कडाक्याचं भांडण. माझा सख्खा भाऊ, प्रज्योत — पप्पांमागे आमची बोट तोच चालवतो — मला म्हणतो, "ताई, जाऊ दे ना. नाना थोडे दिवस बसतील. परत सोडतील बोट." जाऊ दे! याची बोट बांधली असती तर?

मी बोलायची थांबले नाही. म्हटलं, गेल्या जूनमध्ये, दर्याला बंदी असताना, तू खाडीतली कोळंबी आणलीस, सगळं गाव सुकटीवर दिवस काढत होतं, तर आईने आधी अर्धी ठमीकाकीकडे पाठवली. इतकं आपलं त्यांचं! आणि तू असा? ताट सरकवून उठला. आई माझ्यावरच ओरडली, "जेवू तरी दे त्याला!"

७ फेब्रुवारी

पंच बसले. नारळी पुनव ऑगस्टात, आणि यांना आत्तापासून घाई! "डाग लागलेल्या हातून नारळ न्हाय जायाचा." लाज वाटत नाही? याच नानांनी यांच्या पोरांना सुकाणू धरायला शिकवलं.

वर नाव कोणाचं काढलं, तर आमच्या प्रज्योतचं! तरणा हाय, सरळ हाय. प्रज्योत "मना नको" म्हणून तडक उठून गेला. मला फार बरं वाटलं. म्हटलं, आहे, थोडी तरी चाड आहे याला.

९ फेब्रुवारी

रितेशने सेटिंग बदलून दिलं. आधी दिवस, मग महिना. डॉलरचा रुपया झाला. फाइल उद्या काढून पाठवायची.

जाता जाता नानांना सांगितलं. जाळं बाजूला ठेवून "व्हय?" म्हणाले. काकी आतून धावत आली आणि माझा हात सोडीचना.

१० फेब्रुवारी

फाइल काढली. नाना — ७ जानेवारी. सुटले!

खाली आमची बोट. परवापर्यंत तिथे ०६/१२ होतं, सगळे ६ डिसेंबर वाचत होते. आता लिहिलंय १२ जून.

ती कोळंबी खाडीतली नव्हती.

प्रज्योतला फोन केला. म्हणाला, "तुला बोल्लो होतो ना ताई, जाऊ दे." मला रडू फुटलं. त्याचा राग आला, माझाही आला.

फाइल पाठवली.