राबावरची चाकं

रविवार, १२ मे

राबावरून गाड्या नेल्या! विचारलं नाय, हाक मारली नाय. तेरा गाड्या, एकीमागे एक, वरात निघाल्यासारख्या. मी सापगावला भाचीच्या साखरपुड्याला गेले होते. एक दिवस — फक्त एक दिवस घर सोडलं! परत येऊन बघते तर राबाच्या मधोमध दोन चर पडलेत, पिंढरी बुडेल एवढे. राख उडून बांधावर जाऊन बसलीय. खालची कच्ची माती वर आलीय.

मंगळवारीच भाजला होता. माघापासून थर रचत होतो. खाली शेण, त्यावर ऐनाचा पाला, त्यावर गवत, वरून माती. आग अशी धुमसत ठेवायची की आतलं तणाचं बी मेलं पाहिजे. मग ती राख पेरणीपर्यंत कोणी हलवायची नाय. त्यातच भाताची रोपं होतात, तेच आमचं आवण. राबात शेळी शिरली तरी आमी दगड मारतो. आणि इथे तेरा गाड्या!

अनिता दारातच म्हणते, "आई, आधी पाणी तरी घ्या." सून चांगली आहे, पण वेळ कळत नाय तिला. पाणी नको म्हटलं, कोयता दे, टायर फाडते. तोवर टायर पार मुरबाडच्या पुढे गेलेले.

सोमवार, १३ मे

ही माणसं ठाण्याची, मुंबईची. तीन वर्षं येतात. माझा हरेश त्यांना खालच्या माळावर उतरवतो. अनिता भाकऱ्या थापते, कोंबडीचा रस्सा करते. हरेशने आसनगावच्या गोडाऊनमधली नोकरी सोडली ती यांच्या नादाला लागून. त्यांनी दिलेला टीशर्ट घालून फिरतो, पाठीवर डोंगर आणि डोंगरावर गाडी.

गाड्या बघाव्यात! छपरावर शिडी, फावडं, पाण्याचे डबे. झोपायचा तंबूसुद्धा छपरावर — एवढी जमीन खाली पडलीय, हे वर चढून झोपतात. फावडं असं चकचकीत की त्याला अजून माती लागलेली नाय. एका गाडीला नाकाडं वर काढलेलं, पाण्यात शिरली की श्वास घ्यायला. चांगला डांबरी रस्ता सोडून खड्डा शोधत येतात. गाडी रुतली की टाळ्या! मग दुसरी गाडी तिला दोरखंडाने ओढणार आणि सगळे फोटो काढणार. आमची बैलगाडी रुतायची तेव्हा माझा नवरा बैलांना, मला आणि पाटबंधारेवाल्यांना मिळून शिव्या घालायचा. टाळ्या कोणी वाजवल्या नाय.

दुपारी सावळी आली. डोंगरावरच्या वाडीतली. आमचं दोघींचं बावीस वर्षांचं ठरलेलं आहे. जागा आणि शेण माझं, रानातला पाला तिचा. डोक्यावर भारा घेऊन डोंगर उतरते, दोन महिने, रोज. तयार झालेलं आवण निम्मं निम्मं. कागद नाय, साक्षीदार नाय. तिचं एकच खाचर आहे, ओढ्याकाठी. त्यातला तांदूळ तिला दिवाळीपासून होळीपर्यंत पुरतो.

राबाच्या कडेला उभी राहिली. एवढं वाटोळं झालंय तरी आत पाय टाकला नाय बाईने! मग म्हणाली, "काशीबाय, माझा वाटा कंच्या गाडीखाली गेला गो?"

शहरातली आंधळी माणसं, म्हटलं. आणखी काय म्हणणार!

मंगळवार, १४ मे

हरेश कालपासून घरी जेवला नाय. नको जेवू!

गुरुवार, १६ मे

आज धरला त्याला. मोटारसायकल पुसत होता.

"आई, चूक झाली त्यांची. काळं दिसलं, त्यांना वाटलं वणवा लागून गेलेली जागा आहे."

वणवा चौकोनी लागतो का रे? म्हटलं. चारी बाजूंनी दोरी लावून?

"त्यांना कसं कळणार? शहरातली लोकं ती."

आणि तू कुठे होतास?

"मी होतो ना. पाठी." फडका पिळत बसला. फडका कोरडा होता.

मग म्हणतो, "जाऊ दे ना. आणू आपण यंदा तांदूळ दुकानातून. बियाणं तर आहे ना घरात?"

बियाणं आहे की! कणगीत आहे. पेरू कुठे, तुझ्या टोपीत? — असं म्हटल्यावर अनिता आत जाऊन हसली. मी ऐकलं. हरेशने पण ऐकलं.

शनिवार, १८ मे

दिपेश म्हणून त्या गाडीवाल्यांचा म्होरक्या आहे. दाढीवाला, अनिताच्या रश्शाला फार नावाजतो. त्याला निरोप धाडला. मी सांगायचं, नातीने फोनवर लिहायचं. वैष्णवी बारावीला आहे, भराभर लिहिते.

मी सांगितलं, लिही — दिपेश, तुझ्या डोळ्यांत मोतीबिंदू झालाय काय? बघते तर पोरगीने लिहिलंय, "नमस्कार दिपेश सर." खोड तो नमस्कार!

"आजी, असं नाय लिहीत कोणाला."

मी चौथीपर्यंतच शिकले, पण नमस्कार कोणाला घालायचा ते मला समजतं. शेवटी तोड निघाली. शिव्या तिने गाळल्या, नमस्कार मी गाळला. उरलं ते एवढंच: तू ये. माझ्या घरी नको, सावळीच्या अंगणात ये. काय केलंस ते तिच्या तोंडावर सांग.

हरेशला कळलं तेव्हा पोरीवर डाफरला. "मला विचारल्याशिवाय कशाला मेसेज केलास? मी बोललो असतो त्यांच्याशी! पाऊस संपल्यावर पन्नास गाड्यांचं नक्की करतायत ते. आता ही म्हातारी सगळं घालवणार."

म्हातारी! मी समोरच बसले होते. चिंचा फोडत होते. फोडत राहिले.

सोमवार, २० मे

सावळी आणि मी दाताळं घेऊन सकाळीच राबात उतरलो. कुठे काय वाचतंय का बघायला. चाकांनी माती अशी दाबलीय की दाताळ्याचा दात वाकला. जिथे मऊ आहे तिथे कच्ची माती वर आलेली. तिच्यात पेरलं तर रोपाआधी तण वर येईल, निवडता निवडता आमचे डोळे जातील. पुन्हा भाजायला पाला कुठून आणू? रान उघडंबोडकं पडलंय. पाल्याचे दिवस गेले.

एक कोपरा तेवढा धड राहिलाय. दोन खाटांएवढा. गाडी वळवताना त्यांना जमला नसेल, म्हणून वाचला.

हा तुझा, मी सावळीला म्हटलं.

"नाय. निम्मा."

अगं दोन खाटांचं निम्मं काय करशील? तुला तरी पुरं होऊ दे.

"ठरलंय ते ठरलंय, काशीबाय." आणि वाकून लागली खडे वेचायला. मग वर न बघता म्हणाली, "यंदा माझं खाचर पडीकच ठेवीन. आवणीला, रोपं लावायला जाईन लोकांच्या बांधावर, मजुरीला. तुझ्याकडं लागली बाय तर मना बोलाव."

बावीस वर्षांत ही बाई माझ्या शेतात मजूर म्हणून उतरली नाय. भागीदारीण म्हणून उतरली. चहा माझ्या बरोबरीने पाटावर बसून प्यायली. गावातल्या चार जणींनी नाकं मुरडली होती तेव्हा, त्यांना मी विहिरीवर धुतलं होतं.

मी नाक शिंकरलं आणि वाकलेला दात दगडाने ठोकून सरळ केला.

गुरुवार, २३ मे

दिपेशचा निरोप आला. रविवारी येतो म्हणतो. वैष्णवीने वाचून दाखवला. त्यात दोनदा 'सॉरी आजी' आणि हात जोडलेलं चित्र. चित्राने माझा राब भरून निघणार आहे का?

बोलायचं काय ते ठरवलंय. म्हणणार आहे, तुमच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीतून मी म्हैस नेली तर चालेल का? "टाकीत म्हैस कशी जाईल आजी?" वैष्णवी विचारते. नेईन मी! जिथे जायचं नाय तिथूनच न्यायची, हीच मजा ना त्यांची!

अनिताला बजावलंय, कोंबडी नाय. कोरा चहा, तोही सावळीच्या घरचा.

हरेश म्हणाला, रविवारी मुरबाडला काम आहे. जा म्हटलं. तू असून तरी काय उजेड पाडणार होतास!

रविवार, २६ मे

दिपेश एकटाच आला. सावळीच्या अंगणात खाली बसला. म्हशीचं मी काढायच्या आत म्हणाला, "आजी, पुढची गाडी माझीच होती. काळं बघून मी थांबलो पण होतो. तरी नेली, ते चुकलं. पण हे ऐका." आणि फोन पुढे केला. त्यांच्या गाडीत कॅमेरा असतो, काचेपुढचं दिसणं आणि आतलं बोलणं सगळं त्यात निघतं. माझा राब दिसला, अख्खा. आणि गाडीच्या आतून माझ्या पोराचा आवाज — "घाला सर, बिनधास्त. जुनं आहे ते. आमी आता पेरत नाय. म्हातारीला नंतर समजावतो, ही सगळी जागा ट्रॅकला घेऊ."

सावळीने ते दोनदा लावायला सांगितलं. मग उठली आणि शेळ्या सोडायला गेली. माझ्याकडे बघितलं नाय.

हरेश मुरबाडहून आला की घरात यायचं नाय. तसाच मागे फिरून वाडीवर चढायचं, पायी. अनिताने बरोबर जायचं नाय, वैष्णवीने काही लिहून द्यायचं नाय, आणि मी आई म्हणून एक शब्द टाकणार नाय. सावळी काय विचारेल ते विचारेल. उत्तर हरेशनेच द्यायचं.