आल्याच्या रसाचे तीन तास

आष्टी, ता. परतूर
१४ फेब्रुवारी २०२५

प्रिय वसंता,

तुला, मोनालीला अन् लेकराला आक्काचे आशीर्वाद. अण्णा बरे आहेत. गोळ्या घेतात, पारावर जाऊन येतात, मला शिव्या देतात, म्हणजे तब्येत बराबर आहे. हरभरा यंदा चांगला आहे. फोनवर तू मधीच बोलतोस, म्हणून लिहून राह्यले.

वसंता, मला आल्याची शिसारी बसलीय. चहात पडलं तरी कप बाजूला सारते. अन् आपल्या दारात त्याच्यासाठीच माणसांची रांग! अण्णा जालन्याच्या दवाखान्यातून परत आल्यापासून गावात एकच बोलणं, "प्रभाक्काच्या रसानं म्हातारा तगला." जीपवाल्या सोमेश्वरनं त्याचा व्हिडिओ करून टाकला. आता मंठ्याहून माणसं येतात.

आईनं शिकवलेलं मी करत आले, त्याची लाज न्हाई. खोकल्याला रस अन् मध, डोकं धरलं की सुंठ उगाळून कपाळाला, बाळंतिणीला सुंठीचे लाडू, जेवण अंगावर आलं की आलं-लिंबू-सैंधव. तेवढ्यापुरतं ते बरंच. पण ह्यांना साखरेच्या आजारावर रस पाहिजे, गाठीवर पाहिजे, लेकरू होत न्हाई त्याच्यावर पाहिजे! परवा एकजण रसाची वाटी, आपल्या आईची ती, जिभेनं चाटून गेला. चोथा अंगणात थुंकतात, त्याच्यावर माशा घोंघावतात. शी! मला त्यांची किळस येते अन् त्यांच्याहून जास्त माझी.

काल सकाळी पलीकडच्या गल्लीतली नंदाबाई नवऱ्याला घेऊन आल्ती. रामप्रसाद छाती दाबून उभा, बनियन घामानं चिंब.

"आक्का, जल्दी रस द्या. तुमच्या अण्णासारखंच झालंय."

मी म्हणलं, "अगं बाई, दवाखान्यात ने त्याला!"

"आधी रस, मंग दवाखाना. तुम्ही पण तसंच केल्तं ना?"

माझ्या अंगाची आग झाली. खलबत्ता उचलून अंगणात आपटला अन् रांगेसमोर ओरडले, "तसंच केलं, म्हणून माझ्या बापाचं अर्धं काळीज निकामी झालं! व्हा बाहेर सगळे!" सोमेश्वरच्या जीपमधी दोघांना कोंबलं. रामप्रसाद वाचला. वेळेवर आला, असं डॉक्टर म्हणले म्हणे.

अण्णा वेळेवर पोचले न्हाईत, वसंता.

दवाखान्यात तू मला विचारलंस, "आक्का, कधी सुरू झालं?" मी सांगितलं, नऊला, अन् लगेच निघालो. ते खोटं होतं. सहाला सुरू झाल्तं. आदल्या दिवशीच्या लग्नातली बुंदी बाधली, असं अण्णा म्हणले, मलाही तसंच वाटलं. सहाला रस दिला. सातला दिला. आठला दिला तेव्हा ते ओकले, तर तोंड पुसून मी पुन्हा चमचा भरला. डाव्या हाताला मुंग्या येतात म्हणले, तर हाताला सुंठ चोळत बसले.

साडेसातला तुझा फोन आल्ता. मी म्हणलं, अण्णा झोपलेत. तुला कळलं असतं तर तू म्हणला असतास, गाडी कर अन् निघ. तू पुण्यात बसून मला शिकवणार, ह्याचा मला राग होता. रसानं उतरलं की मंग तुला ऐटीत सांगू, असा ताठा होता माझा.

उपचाराला उशीर केला म्हणून तू तिथल्या डॉक्टरवर केवढा ओरडलास! तो बिचारा खाली मान घालून ऐकत होता अन् मी शेजारी गप उभी होते. ते आठवलं की स्वतःच्या तोंडात मारावंसं वाटतं.

अण्णांना सगळं ठाऊक आहे. दवाखान्यात पडल्या पडल्या 'नऊ' हा शब्द पहिल्यांदा त्यांनीच काढला, मला वाचवायला. काल रांग पांगल्यावर म्हणले, "पोरी, वसंताला तूच लिही. लोकांकडून कळलं तर बिलकुल माफ करणार न्हाई तो."

तू माफ कर, असं मी म्हणत न्हाई. होळीला अण्णांना भेटायला ये. माझ्याशी बोलला न्हाईस तरी चालंल. मी नुसता चहा ठेवून आत जाईन. त्यात आलं नसंल.

त्या दिवशी सहा वाजता तुला फोन न केलेली,
तुझी आक्का