चिमीचं वाचन

४ मार्च

चि. बेबीस,
ताईचा सप्रेम सलाम व अ. आ.

फोनवर आपण दोघी तिसऱ्या मिनिटाला भांडायला लागतो, म्हणून हे पत्र. हातातलं काम बाजूला ठेव आणि शेवटपर्यंत वाच. तुझ्या ऑपरेशनचे टाके निघाले, हिंडू-फिरू लागलीस, हे तुझ्या घरच्यांनी कळवलं. जीव भांड्यात पडला.

तू बरी होईपर्यंत म्हणून पाठवलेली चिमी तीन आठवड्यांत इथे छान रुळली आहे. तिची प्रार्थना होण्याआधी मी चमचा उचलला तर अशी बघते, की मावशी मी का ती, हेच कळेनासं होतं. गेल्या रविवारी चर्चमध्ये मंडळीपुढे पवित्र शास्त्र हातात धरून तिने एक अख्खं स्तोत्र वाचलं, न अडखळता. पुढच्या बाकावरच्या बायकांनी डोळे पुसले. भाची कोणाची, म्हणून मीही मिरवून घेतलं.

गुरुवारी मला ताप भरला, खोकल्याने बेजार झाले. तीस वर्षं दवाखान्याच्या खिडकीत बसून औषधं देते आहे, त्यामुळे घरातल्या बाटल्याही एका ओळीत, ठसठशीत अक्षरात चिठ्ठ्या लावून ठेवलेल्या. चिमीला खोकल्याची बाटली आणायला सांगितलं. तिने गुडघ्याला चोळायचं तेल आणलं. चमच्यात ओतलं तेव्हा वासावरून कळलं, नाहीतर गिळलंच असतं. परत पाठवलं, तर कानात घालायचं औषध घेऊन आली. मग तिला जवळ बसवलं आणि चिठ्ठीवर काय लिहिलंय ते विचारलं. तिने डोळे मिटले आणि हात जोडले.

नंतर मी साबणाचं वेष्टन दाखवलं, कॅलेंडर दाखवलं. बेबी, तुझ्या मुलीला वाचता येत नाही. सुटी अक्षरं दहा-बारा ओळखते, पुढे काही नाही. तुमच्या घरी शास्त्र रोज मोठ्याने वाचतात, ते तिला ऐकून ऐकून पाठ झालंय. बोट नुसतं ओळींवरून फिरतं. मुलीला अकरावं लागलंय. तिला शाळेत घाल.

रागावशील हे ठाऊक आहे. रागाव, पण लोभ कमी करू नकोस.

तुझी,
ताई

१५ मार्च

ती. ताईस,
सा. सलाम वि. वि.

पत्र पोचलं. शनिवारी हे येऊन चिमीला घेऊन जातील. तिची बॅग भरून ठेवावी.

तू तापात होतीस, पोर घाबरली, आणि तू तिला साबणाच्या कागदावर नापास केलंस. आमच्या घरी रोज सकाळी सहाला प्रार्थना होते, मग वाचन, मग गणित. धडा सुरू करण्याआधी बुद्धी मागतो, संपल्यावर आभार मानतो. सहा वर्षांत एक दिवस चुकवलेला नाही. तिने वाचलेलं मी रोज शेजारी बसून ऐकते. मला माझी मुलगी कळत नाही आणि तुला तीन आठवड्यांत कळली?

शाळेचं मला सांगू नकोस. मी एकाच वर्गात दोनदा बसले, तू दर वर्षी पहिली आलीस. मास्तर मला बाकावर उभं करून वाचायला लावायचे आणि मी अडखळले की वर्ग खिदळायचा. एकदा तू खिडकीबाहेरून चालली होतीस. आपली नजरानजर झाली. तू मान वळवून पुढे गेलीस. मैत्रिणी होत्या ना बरोबर. त्या दिवशी मी ठरवलं, की मला मुलं झाली तर त्यांना त्या बाकावर चढू देणार नाही. चिमी आणि गुंड्या घरी शिकतात ते केवळ भक्तीपायी नव्हे, हे आज तुला सांगते. इतकी वर्षं सांगितलं नाही, कारण तू विचारलंच नाहीस.

प्रकृतीला जप. लोभाचं म्हणशील तर तो तुटत नाही, म्हणूनच त्रास होतो.

बेबी

२४ मार्च

चि. बेबीस,
सप्रेम सलाम व अ. आ.

खिडकीचं खरं आहे. मला आठवतं. मैत्रिणींनी विचारलं, ती तुझी बहीण ना, तेव्हा मी नाही म्हणाले होते. तेवढं तुला ठाऊक नव्हतं, तेही आता सांगून टाकते. माफी मागायला फार उशीर झाला, तरी मागते.

पण माझ्या पापाची शिक्षा चिमीला का? मीही प्रार्थनेवाचून पाणी पीत नाही. दवाखान्याच्या खिडकीत आलेल्या माणसासाठी मनात प्रार्थना करते, आणि मग औषध बरोबर आहे ना, ते दोनदा बघते. तू एकच कर. तिने कधी ऐकलेलं नाही असं एखादं वाक्य कागदावर लिही आणि तिच्या हातात दे. काही बोलू नकोस. ती वाचू शकली तर मी तुझ्या दारात येऊन तुझे पाय धरीन.

दवाखान्यामागे छोटी शाळा आहे. तिथल्या बाईंशी बोलून ठेवलंय. त्या कुणाला उभं करत नाहीत.

उत्तर आलं नाही तरी वाट बघणारी,
ताई

९ एप्रिल

ती. ताईस,
सलाम वि. वि.

पाय धरायला येऊ नकोस.

कागदावर लिहिलं, कपाटात तुझ्यासाठी नवी चप्पल आहे, जा आणि घाल. जुनीचा अंगठा तुटलेला, महिनाभर मागे लागली होती. कागद दिला. तिने तो दोन्ही हातांनी धरला, पहिल्या शब्दावर बोट ठेवलं आणि स्तोत्र म्हणायला लागली. खणखणीत आवाजात. बोट ओळीच्या शेवटी पोचलं, कागद संपला, तरी ती म्हणत होती. मी थांबवलं नाही. मला थांबवताच आलं नाही.

चप्पल कपाटातच आहे. काढून द्यायला हात उठत नाही.

कधीपासून असं चाललंय, विचारलं, तर उठून गुंड्याच्या मागे जाऊन बसते. हे म्हणतात, मारू नकोस. मी मारेन कशी? मला स्वतःलाच मारावंसं वाटतं. गुंड्याला बाराखडीला बसवलं, तर तो बहिणीच्या ओठांकडे बघून म्हणतो. म्हणजे दोन्ही गेली.

आणि ताई, हे बाकी कुणाला सांगू? सहा वर्षं रोज तिच्या शेजारी बसून मी देवाकडे मागत आले, की मला शिकवायला शिकव, माझं चुकत असेल तर दाखव. त्याने मला का दाखवलं नाही? साबणाच्या कागदावर तुला दाखवलं आणि मला नाही? परवापासून घरात प्रार्थना नाही. मी सुरूच करत नाही.

चिमीला पाठवते आहे. शाळेच्या फाटकापर्यंत मी येणार नाही, तू सोड. पोरीला अंतर देऊ नकोस, एवढीच विनंती.

बेबी

१८ नोव्हेंबर

ती. आईस,
चिमीचा सलाम.

हे पत्र मी लिहिलं आहे. मावशीने फक्त पत्ता घातला.

मी दुसरीत बसते. सगळे माझ्या खांद्याएवढे आहेत. मला काकू म्हणतात. पहिल्यांदा रडू यायचं, आता त्यांच्या वह्यांना कव्हर मीच घालून देते. बाई चांगल्या आहेत. मी हळू वाचते, पण जे लिहिलंय तेच वाचते. गुंड्याला पण शाळेत घाल. तो नाही म्हणेल, तरी घाल.

मावशीच्या पेटीत तुझी पत्रं होती. तिला न विचारता मी ती वाचली. तीन दिवस लागले. तू प्रार्थना बंद केलीस, असं त्यात आहे. देवाने मला का दाखवलं नाही, असं विचारलं आहेस. देवावर रागावू नकोस. मला वाचता येत नाही, हे मी सात वर्षांची असताना मला कळलं होतं. तू खूश व्हायचीस, म्हणून सांगता आलं नाही. तू सकाळी डोळे मिटून मागायचीस, तेव्हा मी पण मागायचे. आईला कधी कळू देऊ नकोस, असं मी रोज मागायचे.

त्याने माझं ऐकलं.

माझ्यावर माया ठेव.

तुझी,
चिमी