तांदळातलं नाव

अल रीम आयलंड, अबू धाबी
१२ जानेवारी

चि. ईशानीस मावशीचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. अमेरिकेत फेडरल कोर्टाच्या इमारतीला ताईचं नाव देणार, त्यासाठी खास कायदा करणार, हे मी चष्मा पुसून दोनदा वाचलं. ताईला जाऊन अजून वर्षही झालं नाही. इथे सकाळपासून धुकं आहे, समोरचे टॉवर दिसत नाहीत. वाटतं, त्यातूनच ताई आपला न्यायाधीशाचा काळा झगा सावरत येईल आणि चहा टाकलास का म्हणून विचारेल.

पण कायद्याच्या बिलात ‘वैभवी’ लिहिलंय, ते तेवढं बदलून घे. ती आमची हेमा. मी आठ वर्षांची, पाठराखीण म्हणून तिच्याबरोबर सासरी गेले होते. दमून झोपले, उठले तर ताटातल्या तांदळात तुझ्या बाबांनी अंगठीने ‘वैभवी’ लिहून ठेवलेलं आणि जो तो तिला त्याच नावाने हाक मारतोय. माझी ताई कुठे गेली म्हणून मी भोकाड पसरलं. ते अजून टोचतं गं. निदान इमारतीच्या दगडावर तरी तिचं स्वतःचं नाव असू दे. वेदांग म्हणतो, चिल, आई. त्याला काय जातंय म्हणायला.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी साधनामावशी

२ फेब्रुवारी

ती. साधनामावशीस सा. न.

चुका पोटात घाल. सुट्टीत मराठी तूच गिरवून घेतलंस, म्हणजे निम्म्या तुझ्या.

बिल मांडणाऱ्या सिनेटरांच्या ऑफिसला विचारलं. दुरुस्ती करता येईल म्हणाले, फक्त घरच्यांचं एकमत हवं. तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. ते लगेच हो म्हणाले. मग म्हणाले, ते नाव मी लिहिलंच नव्हतं. त्यांना हेमाच आवडायचं, तेच लिहायला घेतलं होतं. आईने त्यांच्या हातातली अंगठी काढून घेतली आणि स्वतः ‘वैभवी’ लिहिलं. नंतर बाबांना म्हणाली, एक तरी नाव माझं मी ठेवते. पाठराखीण नेमकी तेव्हाच झोपली, असं सांगून बाबा हसले. तू इतकी वर्षं रागावली आहेस हे त्यांना आजच कळलं.

आता तू सांगशील तेच नाव देऊ.

तुझीच, लाड करून घ्यायला अजून तयार,
ईशानी

१८ फेब्रुवारी

चि. ईशानीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

‘वैभवी’च राहू दे. खलास. सासरच्या पहिल्याच दिवशी जिने अंगठी हातात घेतली, ती पुढे न्यायाधीश झाली यात नवल ते काय. भावोजींना माझा नमस्कार सांग. आजवर फोनवर मी त्यांना कसे आहात एवढंच विचारत आले. हे पत्र पोचल्यावरच्या रविवारी म्हणावं तासभर मोकळे राहा.

काल दुपारी घरात कुणी नव्हतं. ताटात तांदूळ पसरले आणि बोटाने ‘हेमा’ लिहिलं. ताई शेजारी येऊन बसल्यासारखं वाटलं. बाहेर समुद्र आणि आभाळ एकच झालं होतं. मी रडले, पोटभर रडले. मग तेच तांदूळ धुतले आणि भात लावला.

आहे ती माया अशीच राहू दे.
तुझी साधनामावशी