सर्व्हरसमोर बसण्याची नोकरी

वासणा, बडोदे
१८ डिसेंबर १९९९

ती. वत्सलाआत्यास मैत्रेयीचा साष्टांग नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? देवासला थंडी पडली की ते बोलू लागतात, असे बाबा म्हणतात. (बाबांचेही बोलतात, पण ते कबूल करत नाहीत.) इकडे सर्व मजेत. मी पाइपांच्या कारखान्यात नेमके करते तरी काय, असे तुम्ही विचारले होते. ते बाबांनाही नीट ठाऊक नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्या ऑफिसात सर्व्हर नावाचा एक मोठा कॉम्प्युटर आहे. बिले, स्टॉक, चलने, सगळे त्याच्या पोटात. त्याला व्हायरस लागू नये म्हणून रोज सकाळी अँटिव्हायरस त्याची एकेक फाइल तपासतो. (रात्री का नाही? रात्री शेठ आगीच्या भीतीने मेन स्विच पाडून घरी जातात.) दिवाळीनंतर ही तपासणी एकाएकी इतकी लांबली की जेवणाची सुट्टी झाली तरी संपेना, तोवर बिल निघेना, आणि माल भरलेले ट्रक फाटकात उभे. ड्रायव्हर ओरडत हंबीररावांवर (हे आमचे माल रवाना करणारे), हंबीरराव माझ्यावर, आणि शेठ सगळ्यांवर. शेवटी शेठ म्हणाले, सुधारले नाही तर पुन्हा हाताने बिले लिहू आणि कॉम्प्युटर विभाग बंद करू. विभाग म्हणजे मी एकटीच!

अहमदाबादच्या इंजिनियरना फोन केला. ते म्हणाले, तपासणी रोज किती वेळ चालते ते आधी लिहून ठेवा, आकडे दाखवा, मग मी येतो. लिहू लागले. आणि आत्या, अजबच! मी सर्व्हरवर काम करत असले की तपासणी चहाच्या आत आटोपायची; मी बँकेत किंवा गोडाऊनमध्ये गेले की दुपार. हंबीररावांनी आकडे पाहिले आणि निकाल दिला. "मैत्रेयीबेन, हा तुमचा पायगुण. आता तुम्ही इथून हलायचं नाही." तेव्हापासून डबा तिथेच, चहा तिथेच. एकदा मला ताप आला, तर त्यांनी माझ्या ओळखपत्राची झेरॉक्स काढून सर्व्हरवर चिकटवली. (उपयोग झाला नाही. फोटो चांगला नसल्यामुळे, असे त्यांचे मत.)

मग एका सकाळी काहीच काम नव्हते, म्हणून मी तिथे बसून हंबीररावांच्या शेतातल्या तुरीच्या शेंगा सोलत होते. पडद्यावर रंगीत पाइपांचे चित्र फिरत होते. कुणी काही वेळ हात लावला नाही की ते आपोआप सुरू व्हायचे. माउस हलवून पाहते तर तपासणी जेमतेम सरकलेली, पायगुण समोर बसलेला असूनही! माउस हलवत राहिले, तपासणी धावू लागली. हात काढला, पाइप आले, पुन्हा रखडली. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला: ते चित्र काढण्यातच सर्व्हरची सारी ताकद जात होती. दुसऱ्या दिवशी चित्र बंद करून मी सकाळभर तिकडे फिरकलेही नाही, तरी चहाच्या आत काम फत्ते.

पण ते चित्र खुद्द शेठनी दिवाळीच्या पूजेला बसवलेले. येईल त्या पाहुण्याला ते कौतुकाने दाखवत, "जुओ, आपणा पाइप!" (बघा, आपले पाइप!) आता त्यांना सांगायचे कुणी? हंबीररावांना गोडाऊनमध्ये तातडीचे काम निघाले. मीच केबिनमध्ये जाऊन आकडे पुढे ठेवले. शेठनी ते दोनदा वाचले. मग म्हणाले, "एटले मारा ज पाइपे मारा पाइप रोक्या?" (म्हणजे माझ्याच पाइपांनी माझे पाइप अडवले?) आणि इतके हसले की चहा सांडला. चित्र गेले, ट्रक वेळेवर सुटू लागले, आणि कालपासून मी नोकरीत कायम झाले. (हंबीरराव म्हणतात, तरी थोडा वेळ बसत जा.)

प्रकृतीला जपा.

तुमची
मैत्रेयी

ता. क. माझे आकडे पाहून इंजिनियरनी शेठना सुचवले की हिला तीन महिने पुण्याला शिकायला पाठवा. शेठ तयार आहेत. बाबांना विचारायचे धाडस होत नाही; आई गेल्यापासून ते एकटे जेवत नाहीत. तुम्ही सहज आल्यासारख्या याल का? आणि विषय तुम्हीच काढाल?

आणखी ता. क. हे बाबांना मुळीच कळता कामा नये.

शेवटचा ता. क. (अक्षर ओळखशीलच.) ताई, पत्राला डिंक लावायला हिने माझ्याकडे दिले आणि चहा करायला गेली. मी वाचणार नाही असे तिला वाटले असेल, तर ती माझी मुलगी नव्हे. पुणे मंजूर. तू मात्र सहज आल्यासारखी ये आणि विषय काढ. मी दोन दिवस नाही म्हणणार आहे.
श्रीकृष्ण