नवऱ्याचे नाव कळवावे

५ नोव्हें. ८६, बुध.
यंदा सही केली नाही. देवरेने, पेन्शनच्या खिडकीवरच्या क्लार्कने, दरवर्षीसारखे दोन कागद पुढे सरकवले. एक मी जिवंत असल्याचा, दुसरा मी पुन्हा लग्न केलं नसल्याचा. पहिल्यावर केली, दुसरा परत दिला. माझ्या पुढे रांगेत निकमसाहेब होते, महसुलातले रिटायर सर्कल इन्स्पेक्टर. बायको गेल्यावर एकसष्टाव्या वर्षी पुन्हा बोहल्यावर चढले. त्यांना एकच कागद, जिवंत आहात ना, झालं. विचारलं, असं का? देवरे म्हणतो, "ते स्वतःच्या पेन्शनवर, तुम्ही नवऱ्याच्या." ह्यांनी पाटबंधारे खात्यात एकोणतीस वर्षं खर्डेघाशी केली. डबे कोणी भरले, ते नियमात नाही.
अकरा वर्षं मुकाट सह्या केल्या. स्वतःचाच राग आला.

२४ नोव्हें., सोम.
लासलगावला नलूकडे तीन दिवस. बोलायचं नाही ठरवलं होतं, बोललेच. नलू : "आई, एक सही तर आहे. साठी उलटली तुझी, कोण विचारतंय लग्नाचं?" म्हटलं, सरकार विचारतंय ना. जावई हसले, लेक नाही. तिची भीती वेगळी. पेन्शन थांबली तर आईला इथे आणावं लागेल, सासूला काय सांगायचं. तिला दोष नाही. पण मी लेकीच्या दारात राहायला जाणार नाही. नाही म्हणजे नाही.

५ डिसें., शुक्र.
ऑफिसचं पत्र. उघड्या कार्डावर, म्हणजे पोस्टमनसकट अख्ख्या कॉलनीने माझ्या आधी वाचलेलं. "विहित मुदतीत दाखला सादर न केल्याने आपण पुनर्विवाह केला असल्याचे गृहीत धरून कुटुंब निवृत्तिवेतन थांबविण्यात येत आहे."
आधी कान तापले. मग हसू फुटलं. मग रडले. हेही लिहून ठेवते, उगीच शूर दिसायला नको.
शेजारची कमल म्हणाली, "काकू, पेढे कधी?" म्हटलं, नवरदेव सापडू दे आधी.

७ डिसें., रवि.
उत्तर लिहिलं. उद्या रजिस्टरने टाकायचं.
"आपल्या पत्रावरून माझे लग्न झाल्याचे समजले. तरी नवऱ्याचे नाव, गाव, लग्नाची तारीख व साक्षीदार कळवावे, म्हणजे त्यांच्याकडे पोटगी मागता येईल. कळवता येत नसल्यास वरील पत्र चुकीचे होते, असे लेखी द्यावे."
एक प्रत आमदारांना. नियम मुंबई-नागपूरला होतात म्हणे, तर तिथेच विचारा. पुरुषाला जिवंत असणं पुरतं, बाईला का नाही?
आज भाकरी दोन गेल्या पोटात. बरं वाटलं.

१६ डिसें., मंगळ.
ऑफिसात बोलावणं. साहेब नवे, जावयाच्या वयाचे. खुर्ची दिली, चहा मागवला. माझं पत्र समोर, हसू दाबत होते.
"मनावर घेऊ नका बाई, छापील मजकूर असतो. एवढी सही करा, पुढच्या महिन्यापासून सगळं सुरळीत."
"आधी तुमचं पत्र मागे घेतल्याचं लेखी द्या."
"तसा फॉर्मच नाही."
"मग कोऱ्या कागदावर द्या. माझं लग्न लावायला कुठे फॉर्म लागला तुम्हाला?"
हसू गेलं. म्हणाले, कायदा मी केलेला नाही, सही नाही तर पेन्शन नाही. चहा न पिता उठले. बसचे पैसे वाचवायला पायी आले, तेव्हा वाटलं, चहा तरी प्यायला हवा होता.

२९ डिसें., सोम.
या महिन्याची आली नाही. शिलाईचं मशीन पुसून बाहेर काढलं. कॉलनीतल्या बायकांचे परकर, पोलकी. डोळे साथ देत नाहीत, सुई ओवायला कमलला हाक मारते.
आमदारांचं उत्तर. "आपले पत्र मिळाले. योग्य त्या कार्यवाहीसाठी..." पुढचं वाचलं नाही.
नलूचंही पत्र. सही कर. तिलाही उत्तर नाही.

५ जाने. ८७, सोम.
साहेबांनी लेखी दिलं का बघायला गेले. नाही. पायरीवर एक बाई, सोनाबाई. घोटीकडची, नवरा शिपाई होता. भाताच्या कापणीत नोव्हेंबर गेला, म्हणून दाखल्याला आत्ता आली.
"तुमीच का त्या, सरकारनं लगीन लावल्याल्या? लय हसलो आमी बाया." मग हळूच, "म्या बी अंगठा नाय दिला तर?"
मला मशीन आहे, लेक आहे. हिच्या पदरात दोन नातवंडं आणि ही पेन्शन. म्हटलं, तू दे बाई.
"अन् तुमी?"
"मी नाही देणार."
"मंग मला का द्याया लावता? माजी अब्रू काय स्वस्त हाय?"
तोंडात मारल्यासारखं झालं.

१२ जाने., सोम.
सोनाबाईने अंगठा दिला नाही. देवरेने सांगितलं, चारचौघांत आवाज चढवून. "तुमच्या नादाने त्या अडाणी बाईची पण थांबणार." अडाणी नाही ती, हे मी ऐकवलं. पण नाद माझाच, ते खरं.
मग खिडकीतून वाकून हळू म्हणाला, "आज तुम्ही सही करा, दोघींचं मिटवतो. साहेबांशी बोललोय. तुम्ही केलीत की तीही अंगठा देईल."
पेन हातात घेतलं होतं. खोटं कशाला लिहू. नातवंडं डोळ्यांपुढे आली. पण तिला न विचारता तिच्या वतीने हार मानणारी मी कोण? पेन खाली ठेवलं. म्हटलं, परवा सांगते.
उद्या पहिल्या बसने घोटी. ती कर म्हणाली तर सही करीन, तिच्या घासापुढे माझा ताठा नको. पण सोनाबाई, कर म्हणू नको गं.